निळी कोकरं

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर एवढं सांभाळून घ्यावं.

पुसेगावच्या पलीकडं आमची मेंढरं चरतात तो माळ आहे. नुसता दगड आणि कुसळं. दोन वर्षांमागं हिवाळ्यात तिथं सिनेमावाले आले. पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर राहायला गेलेल्या एका बाईची गोष्ट होती. ती एकटी, आणि सोबतीला तिथली जनावरं. त्यांचा मॅनेजर माझ्या मालकांना म्हणाला, "खूप जागा पाहिल्या. इथं काहीच बदलावं लागत नाही. ही जमीन पृथ्वीवरची वाटतच नाही." मालक हसले, मीही पदराआड हसले. ते बोलणं मनाला फार उशिरा लागलं.

पाच दिवसांसाठी तीस मेंढ्या आणि सहा कोकरं ठरली. पंचवीस हजार आगाऊ दिले. मालकांना सही येत नाही, म्हणून कागदावर माझी घेतली.

पहिल्या दिवशी हिरोईनच्या मागं एकही मेंढरू जाईना. ती बोलवायची आणि कळप माझ्याकडं वळायचा. शेवटी तिचा चांदीसारखा चमकणारा पोशाख आणि काचेचा टोप मला घातला. मॅनेजर म्हणाला, "ताई, पाठमोरंच घेणार. तोंड दिसणार नाही." तोंड दिसणार नाही म्हटल्यावर मी मानेनंच हो म्हटलं. आमचं कुत्रं आधी भुंकलं, मग माझा हात हुंगून सोबत चालायला लागलं. त्या टोपात मला कुणाची लाज वाटली नाही. मी पुढं, मागं सगळा कळप. खरं लिहायचं तर मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोकरांना लावायला निळा रंग आणला. आमच्यात मेंढ्या व्याल्या की बाया वासाचं तेल लावत नाहीत, साबणाच्या हातानं कोकराला शिवत नाहीत. मेंढी पिल्लाला वासावर पाजते. तो वास गेला की पिल्लू तिचं राहत नाही.

मी मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, रंग नका लावू देऊ. मेंढ्या पाजणार न्हाईत."

"काहून? आईचं दूध काढून पाठीला चोळू. दरसाली करतोच ना आपण."

"उग्र वास हाय त्याला. दुधानं न्हाई झाकायचा."

"मंग जा, सांग जाऊन. सही तुझीच हाय."

मॅनेजरजवळ पंधरा-वीस माणसं उभी होती. मी निम्म्या वाटेपर्यंत गेले. तिथं उभी राहिले, टोप डोक्यात घातला आणि माझ्या जागेवर येऊन थांबले.

कोकरं निळी करून शूटिंग झालं. दुपारनंतर त्यांच्यातल्या एका मुलीनं कोकरं शांपूनं धुऊन दिली. माया करूनच धुतली तिनं. कळपात सोडली तर आयांनी हुंगलं आणि ढुशा मारून लांब लोटलं. दूध चोळलं, उपयोग झाला नाही. मी मेंढ्यांचे पाय धरून पाजत राहिले, शेजारून बकरीचं दूध आणलं. थंडी होती. उजाडेपर्यंत सहातली पाच गेली.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर गाडी घेऊन दारात आला. मी म्हणाले, "आमी न्हाई येत." त्याच्याशी बोललेले ते माझे पहिले शब्द. काहून येत नाही, ते तोंडातून निघालं नाही. मालक खाली मान घालून उभे होते.

तो म्हणाला, "दोन दिवसांचे दहा हजार तुमचे. पंधरा परत करावे लागतील. कागदावर तसंच आहे."

तो गेल्यावर मालक म्हणाले, "आज तोंड उघडलं तुझं. काल काय झालतं?"

त्यांनी स्वतः काल काय केलं, हे मी विचारलं नाही. आजवर नाही. आगाऊ पैसे चाऱ्यात गेले होते. मी लोकांचं सोयाबीन कापलं, कापूस वेचला, आणि थोडे थोडे करून पाठवत गेले.

मध्यंतरी तो सिनेमा लेकीनं फोनवर दाखवला. लाल आभाळाखाली मी पाठमोरी चालते आहे आणि पायाशी सहाही निळी कोकरं उड्या मारत आहेत. "आई, चालणं तुझंच हाय बघ," ती म्हणाली. मी म्हणाले, व्हय, बंद कर.

आज तिनं फोनवरून शेवटचे दोन हजार पाठवले. मग मी स्वतः मॅनेजरला फोन लावून घेतला.

"पैसे पोचले का?"

"कोण बोलतंय?"

"पुसेगावची. मेंढरावाली."

तेव्हा त्याला आठवलं. "हो ताई. पंधरा हजार पूर्ण आले. आता काही बाकी नाही."

"त्या रंगानं आमची पाच कोकरं मेली," मी म्हणाले.

मग तो म्हणाला, "अरेरे. तेव्हाच सांगायचं ना ताई."

मी फोन लेकीकडं दिला. पैसे सगळे फिटले.