आधी आपलं अंगण

ईश्वरप्पांना जलीलभाई खरे कळलेच नव्हते. लातूरच्या नगरपालिकेत, पाणीपुरवठ्याच्या खोलीत दोघांची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी. पण या माणसाने घरचं कधी काही सांगितलं असेल तर शपथ.

भूकंपात कुणाची विहीर आटली, कुणाची भरली. पुढे कोचिंग क्लासचे दिवस आले, परसातल्या विहिरी बाहेरगावच्या मुलांच्या वसतिगृहांखाली गेल्या आणि उन्हाळाभर गावाचे डोळे टँकरच्या वाटेकडे लागले. कुठे पाणी आहे हे म्हाताऱ्यांना ठाऊक. पण सांगायच्या आधीच एकेक जण जात होता. म्हणून जलीलभाईंनी वॉर्डावॉर्डांत शाळेच्या ओसरीवर बैठका सुरू केल्या. ज्याला जे ठाऊक, ते त्याने चारचौघांत बोलायचं. विहीर जिवंत निघाली, की पालिका तिच्यात छतांवरचं पावसाचं पाणी सोडणार आणि वर बांधकाम बंद. नियम एकच: दुसऱ्याची विहीर दाखवण्याआधी सुरुवात आपल्या अंगणापासून.

मग त्यांच्याच गल्लीची पाळी आली. त्यांच्या मुलाने, नबीलने, अंगणात वसतिगृहाच्या पायाची आखणी केली होती.

"भाई काय सांगणार? त्यांच्या अंगणात नुसत्या कोंबड्या!" शेजारच्या तुळजाबाई म्हणाल्या. ओसरी हसली.

जलीलभाई उठले. "खुराड्याखाली विहीर हाय. भूकंपात आटली म्हणून वर फरशी टाकली. पाणी कवाच परत आलंय. जित्ती हाय."

ईश्वरप्पा बघतच राहिले. दर ईदेला त्याच अंगणात बसून ते शीरखुर्मा प्याले होते. पायाखाली विहीर, आणि हा माणूस एक अक्षर बोलला नव्हता!

"अब्बा, मालूम होतं तर मला का न्हाई सांगितलं?" नबीलचा आवाज चिरकला.

"हिंमत झाली न्हाई, बेटा. रोज उद्यावर ढकलत ऱ्हायलो."

वसतिगृह बारगळलं. नबीलने बापाशी बोलणं टाकलं. आठवड्याभरात जलीलभाई लेकीकडे, कंधारला गेले, आणि तिथून ते वारल्याची बातमीच आली. ईश्वरप्पांना अजून ते खरं वाटत नाही. विचारायचं कितीतरी होतं. पण जलीलभाई निघायच्या आदल्या संध्याकाळी पालिकेच्या फाटकात बोलणं झालं ते एवढंच.

"थेट गाडी हाय का, भाई?"

"न्हाई अप्पा. लोह्याला उतरून दुसरी धरायची."

"मग सकाळचीच धरा. दुपारी ऊन लई हाय."

"हाव, तेच बघतो."