दोरीपुढची पंधरा पावलं
परवा फरशी पुसायच्या औषधाला अमोनियाचा वास आला आणि मी नकाशे काढायचो त्या कचेरीतले अमोनियाच्या वाफेवर छापलेले निळे कागद आठवले. घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पेडण्याच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, आमच्या साहेबांनी आखलेलं स्टेडियम उभं राहत होतं. त्यांनी मंत्र्यांच्या गाडीसाठी कमानदार पोर्च काढला होता, त्याची चिऱ्यांची भिंत शंभर मीटरच्या शर्यतीच्या शेवटच्या दोरीपासून पुढे चार पावलांवर आली होती. गावच्या शाळेत मुलींना धावायला शिकवणाऱ्या खेळाच्या बाई नकाशा बघून म्हणाल्या, "सायबानू, धावणारां चेडू दोरीकडे थांबना नाय, अजून पंधरा-वीस पावलां जाता." "बाई, तुम्ही शिट्टी वाजवा," साहेब हसून म्हणाले. हा माणूस आयुष्यात कधी बससाठीही धावला नव्हता. मला चूक दिसत होती, तरी मीही त्यांच्याबरोबर हसलो. उद्घाटनाच्या शर्यतीत बाई पदर खोचून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि वेगात आलेल्या मुलींना त्यांनी अंगावर झेललं. पहिल्या आलेल्या मुलीला झेलताना त्यांचं मनगट मोडलं. थोड्या वेळानं मंचावर साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. साहेबांचा मला आजही तिटकारा वाटतो. स्वतःचा त्याहून थोडा जास्त.