सगळ्यांचं एकशेदहा-सत्तर

रुग्णालयात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. पाठीमागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. घरी याहून वाईट ऐकावं लागे. डब्याखाली अंथरलेला जुना पेपर ती हातात धरून वाचत उभी राहिली की नवरा म्हणे, "भाजी करपली तरी चालेल, पण त्या पेपरातल्या माणसाचं पुढं काय झालं ते कळायलाच हवं!" भाजी करपायची, हेही खरंच.

तिचं काम जिन्याखालच्या नोंदींच्या खोलीत. डॉक्टरांनी फायलीत जो आजार लिहिला असेल त्याला जाडजूड पुस्तकातला आकडा द्यायचा आणि तो संगणकात भरायचा. चौदा वर्षं ती हेच करत होती. या कामाचा एक कडक नियम होता: डॉक्टरांनी जे लिहिलं नाही ते आपण मनाने धरायचं नाही. शंका आली तर पिवळ्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवायचा, तोही असा की उत्तर त्यात पेरलेलं नसावं. तिच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त जात. नाव पडलं ते त्यावरूनच.

त्या बुधवारी तिच्यापुढे मंगळवारच्या गरोदर बायकांच्या तपासणीच्या फायली आल्या. पाचवी फाईल एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. सातवा महिना संपत आलेला. बाळंतपणाच्या विभागातल्या मोठ्या मॅडमनी लिहिलं होतं, 'पायांवर सूज. आराम. पंधरा दिवसांनी यावे.' मागे लघवीच्या तपासणीचा कागद टाचलेला होता. तो प्रयोगशाळेतून संध्याकाळी आला असावा, कारण त्यावर मॅडमची सही नव्हती. प्रथिनं, दोन अधिक, म्हणजे जायला नकोत इतकी.

चौकशीबाईने पेन खाली ठेवलं. गरोदरपणात नुसती सूज असेल तर एक आकडा, लघवीतून नुसती प्रथिनं जात असतील तर दुसरा, दोन्ही असेल तर तिसरा. पण रक्तदाब वाढलेला असेल तर हे तिन्ही बाद. मग ते दुखणंच वेगळं, पुस्तकात त्याचं घरही वेगळं, आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. तिने रक्तदाबाची चौकट पाहिली. एकशेदहा-सत्तर. अगदी छान.

म्हणजे मॅडमना चिठ्ठी पाठवली की काम झालं. तिने लिहिलंही, 'पायांवर सूज नोंदली आहे. लघवीत प्रथिनं दोन अधिक. याबद्दल आपलं मत कृपया लिहावं.' आणि पुढची फाईल उघडली. एकशेदहा-सत्तर. तिच्या पुढची? एकशेदहा-सत्तर.

आता हिला कुठलं चैन पडतंय! तिने ढीगच्या ढीग पसरला. अकरा बायका. कुणी दुसऱ्या महिन्यातली, कुणी नवव्या, एक तर जुळ्यांची. सगळ्यांचं एकशेदहा-सत्तर.

'अकरा बायकांना एका मापाचं पोलकं बसत नाही,' असं मनाशी म्हणत ती फाईल काखेत मारून जिना चढली.

तपासणीच्या खोलीत सिस्टर वजनकाट्याशी उभी होती.

"आल्या चौकशीबाई! आज कुणाची कुंडली?"

"तुझीच," ती हळूच म्हणाली. "काल रक्तदाबाचं यंत्र कुठं होतं गं?"

सिस्टरचा चेहरा उतरला. तिने दार लोटलं. "दुरुस्तीला गेलंय सोमवारपासून. मी सांगितलं होतं वर. पण ताई, ती चौकट कोरी ठेवली तर संगणकावर पुढचं पानच उघडत नाही. बाहेर बायका ताटकळलेल्या, ओरडत होत्या. म्हटलं, सगळ्या धडधाकट दिसताहेत..."

"म्हणून सगळ्यांना एकच?"

"वेगवेगळं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं ना!"

यावर हसावं की कपाळाला हात लावावा, ते चौकशीबाईला कळेना. तिने लघवीचा कागद पुढे धरला. सिस्टरने तो वाचला. "ही ती सुजलेल्या पायांची. चपला हातात घेऊन आली होती. पायात शिरेनात म्हणाली." मग तिने दार उघडलं. "चला. मीच सांगते मॅडमना. तुम्ही नुसत्या सोबत उभ्या राहा."

मोठ्या मॅडम चहा पीत होत्या. "अहो, तुमच्या चिठ्ठ्यांनी माझा खण भरलाय," त्या म्हणाल्या, "आता स्वतःच यायला लागलात?" पण सिस्टर बोलत गेली तसा कप खाली आला. त्यांनी कागद पाहिला आणि फोन ओढला.

फोन शिवणाऱ्या बाईच्या नवऱ्याने घेतला. "आरामच करतेय की," तो म्हणाला. "बसून शिवतेय. डोकं दुखतंय म्हणते सकाळपासून, पण ते उन्हाचं."

"आत्ताच्या आत्ता घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "गाडी पाठवते."

बाई आली तोवर शेजारच्या विभागातून यंत्र मागून आणलं होतं. मॅडमनी स्वतः पट्टा बांधला. एकशेसाठ-एकशेचार. थोडं थांबून पुन्हा मोजला. तेवढाच. बाईला तिथूनच वर भरती केलं. बाकीच्या दहाजणींना सिस्टरने एकेकीला फोन केला, कालचा आकडा मोजलेला नव्हता असं प्रत्येकीला सांगितलं आणि तेच कागदावर लिहून खाली सही केली.

पाच दिवसांनी फाईल परत जिन्याखाली आली. मॅडमनी सगळं स्वच्छ लिहिलं होतं, रक्तदाब औषधाने आटोक्यात, बाळाचे ठोके चांगले, बाळंतपणापर्यंत मुक्काम इथेच. पिवळ्या चिठ्ठीची गरज नव्हती. तरी चौकशीबाई उठली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा फाईलमधलं माणूस बघायला वर गेली.

शिवणारी बाई उशीला टेकून उशीच्याच अभ्र्याची उसवलेली शिवण निरखत होती. "तुम्ही कोण? औषधवाल्या?"

"नाही. मी कागदवाली."

"मग?"

"सहज. पाय कसे आहेत बघायला."

"बघा की! सगळेच बघून जातात," म्हणत तिने चादर सारली. "दाबा अंगठ्याने. गंमत आहे."

चौकशीबाईने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे मऊ कणकेत पडावा तसा खळगा पडला. या सुजेचा आकडा तिने किती वेळा लिहिला असेल. खळगा मात्र आज पाहिला. तो भरून यायला किती वेळ लागतो?

दोघी मान वाकवून बघत राहिल्या.

"गेल्या आठवड्यात माझी एक सुई ओवून व्हायची तोवर राहायचा," बाई म्हणाली. "आता बघा, भरतोय लवकर."

"थांबा," चौकशीबाई म्हणाली, "पुन्हा एकदा दाबते. मोजायचं राहिलं."