झिजलेली फळी

वसईकडच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये सुतार आला होता. पापनिवेदनाचं जुनं सागवानी कपाट त्याला नीट करायचं होतं. मधल्या खणात फादर बसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि जाळीखाली गुडघे टेकायला एकेक फळी. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, ही पूर्वापार रीत. डाव्या फळीला गुडघ्यांनी दोन खळगे पाडलेत. उजवी जवळजवळ कोरी आहे.

"पुरुष पापं करत नाहीत वाटतं," सुतार म्हणाला.

"करतात ना," वेदीवरची फुलं बदलता बदलता फिलोमिना मावशी म्हणाली. "त्यांची सांगायलाही आम्हीच येतो."

मी खळग्यातून बोटं फिरवली. उंच कमानी, सोनेरी वेदी, रंगीत काचा हे सगळं गवंड्या-कारागिरांनी केलं. ही फळी मात्र माझ्या आजीने आणि आईने घडवली. या चर्चमधलं सगळ्यात सुंदर कोरीवकाम हेच, याबद्दल मला शंका नाही.

सुताराने रंधा उचलला. "दोन्ही सारख्या करून देतो."

"आमची राहू दे," मावशी म्हणाली. "सारख्या हव्यात तर यांना टेकू दे गुडघे."

आणि तिने मला उजवी बाजू दाखवली.