कावळ्यापुढचं भाषण

शामकांत मुळे श्रीगोंद्याच्या कोर्टात वीस वर्षं बांधांच्या केसेस लढवत होते. या केसेस लवकर संपत नाहीत, त्यामुळे पक्षकार आयुष्यभर भेटत राहतात. एवढी माणसं ओळखीची झाल्यावर वकिलानं निवडणुकीला उभं राहायचं नाही तर काय करायचं?

आपल्याकडे पुढारी व्हायचं तर दहाव्याला भाषण ठोकता यावं लागतं. मुळ्यांचा त्यात हातखंडा. मेलेल्या माणसाला कधी पाहिलेलं नसलं, तरी त्याच्या आठवणीनं त्यांचा गळा दाटून यायचा.

जिल्हा परिषदेचं मतदान तोंडावर असताना काष्टीच्या छगनदादांचा दहावा आला. हे मुळ्यांचे सगळ्यात जुने पक्षकार. नदीकाठी मांडव, माईक, झाडून सगळे उमेदवार. पिंड ठेवले, कावळाही आला. पण झाडावरून खाली उतरेना.

"नातवंडांना शिकवू, दादा," मुलानं हात जोडले. कावळा ढिम्म. एका उमेदवारानं पाण्याची टाकी कबूल केली, दुसऱ्यानं डांबरी रस्ता. कावळ्यानं पाठ फिरवली. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तशी छगनदादांची बायको रंगुबाई उठली.

"दर्भाचा न्हाई चालायचा. मालकांचा जीव बांधाच्या केशीत आडकलाय. वकीलसाहेब, निकाल कवा लागंल ते सांगा त्यान्ला."

मुळ्यांनी माईक हातात घेतला. निकाल दोन महिन्यांपूर्वीच लागला होता. छगनदादा जिंकले होते. हरलेला शेजारी कल्याण अख्ख्या मळ्याची मतं घेऊन वकिलांकडे आला होता: निवडणूक होईस्तोवर बोभाटा नको. मुळे गप्प बसले, आणि दादा वाट बघत गेले. तोच कल्याण आत्ता पहिल्या रांगेत बसला होता.

"निकाल... लवकरच..." मुळे माईकमध्ये म्हणाले. कावळा उडून आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला. सगळा घाट मुळ्यांकडे बघायला लागला.

"लागलाय!" ते एकदम ओरडले. "दादा, तुम्ही जिंकलात! दोन महिने झाले!"

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत याचं कुणाला भानच राहिलं नाही. कल्याण उठून चालता झाला, त्याच्यामागे त्याची माणसं. आपण पडलो, हे मुळ्यांना तिथंच कळलं.

तरी त्यांना हलकं हलकं वाटत होतं. कौतुकाच्या आशेनं ते रंगुबाईपुढे जाऊन उभे राहिले.

"दोन महिने झालं व्हय?" ती म्हणाली. "रोज सांजच्याला इचारायचे, वकिलाचा फोन आला का. मी न्हाई म्हनायची."