न झोपलेल्यांच्या चादरी

आधी वास आठवतो. सडलेल्या अंड्यासारखा, पण बारीक. नाकात शिरून तिथेच बसून राहणारा. निळीवर लिंबू पिळलं की असा वास सुटतो. कपड्यांना घालायची साधी, पुडीतली नीळ. लिंबाचा थेंब पडला की तिचा रंग हळूहळू उडतो, खालून पांढरं उगवतं, आणि जाता जाता रंग हा वास मागे ठेवून जातो.

कलामहाविद्यालयाचं शेवटचं वर्ष. स्टुडिओच्या फरशीवर चादर पसरून मी बसले होते. काडीला कापूस गुंडाळून, लिंबाच्या रसानं, निळ्यात पांढरी रेघ काढत होते. त्या वर्षी नव्यानं शिकवायला आलेले सर दारातून आत आले. थांबले. हवा हुंगली. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ये किसका टिफिन खुला है भई?"

हशा. जिच्याबरोबर मी रोज मेट्रोनं यायचे ती मैत्रीण नाकाला ओढणी लावून म्हणाली, "यार, प्लीज, बाहर जाके कर ले."

"सर, खाना नहीं है," मी म्हणाले. "नील है. और नींबू. इससे रंग उड़ता है, तो..."

"पूरा नाम क्या है तुम्हारा?"

मी आडनावासकट सांगितलं.

"महाराष्ट्र से?"

"जी. पर दिल्ली में ही पली हूँ."

"अच्छा," सर म्हणाले. त्यांनी चादरीच्या निळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "अच्छा..."

पहिला अच्छा सगळ्यांच्या वाट्याला येतो. दुसरा, लांबवलेला, आवाज अर्ध्यावर आणून म्हटलेला, तो मला शाळेपासून ओळखीचा आहे. तो म्हणणाऱ्या माणसानं तेवढ्या वेळात आपल्याला घडी घालून एका कप्प्यात ठेवून दिलेलं असतं. लिंबाचं काय करतेस, हे सरांनी त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

ते इथे सांगते.

माझे वडील कोपर्निकस मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या जुन्या अतिथीगृहाच्या धुलाईखान्यात काम करायचे. आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझं बालपण ओल्या सुती कापडाच्या वासात, खळीच्या चिकट वाफेत, तापलेल्या इस्त्रीखाली करपता करपता वाचलेल्या सुताच्या वासात गेलं. गच्चीवर चादरी वाळत असत. नीळ घातलेलं पांढरं उन्हात निळसर दिसतं, आणि चादरीची सावली दुसऱ्या चादरीवर पडते तिथे आणखी एक निळा तयार होतो, ज्याला माझ्याकडे अजून नाव नाही. त्या दोन निळ्यांच्या मधून मी धावायचे. रंग म्हणजे काय हे मला कुणी शिकवण्याआधी तिथे अंगाला लागलं होतं.

महाराष्ट्रातल्या लहान गावांतून मोठ्या परीक्षांच्या मुलाखतीला आलेली मुलं तिथे उतरायची. सकाळी कोरे बूट घालून, ओठ हलवत, उत्तरं पुटपुटत बाहेर पडायची. मग त्यांच्या चादरी खाली यायच्या. वडील एखादी चादर टबात टाकायच्या आधी हातात धरून मला दाखवत.

"ही बघ. अख्खी रात्र कूस बदलत होता पोरगा."

चादरीच्या मधोमध पीळ पडलेला. एका कडेला मुठीत धरून चुरगळलेली जागा, कमळासारखी. पायाकडे टाचा घासल्याच्या बारीक रेषा. मी त्याला सिलवट म्हणायचे, कारण दिल्लीत तोच शब्द कानावर पडे. आईनं मला चुणी हा शब्द दिला.

"ह्याचं काम व्हायला पाहिजे," वडील म्हणायचे, आणि चादर पाण्यात सोडायचे.

कोण आला, कोण गेला, कुणाचं काम झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. त्यांची भीती मात्र आमच्या टबातून वाहून गेली. तीच मला धरून ठेवायची होती. विरून बाद झालेल्या चादरी वडील पुसण्याच्या फडक्यांसाठी बाजूला काढत, त्यातल्या मी मागून घेतल्या. निळीत गडद बुडवल्या. आणि अशा एकेका रात्रीच्या चुण्या आठवून, लिंबाच्या रसानं त्यांच्यावर काढल्या. लांबून पाहिलं तर नद्यांचा नकाशा वाटे. जवळ गेलं की कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.

हे माझं काम होतं. एवढंच, आणि एवढं सगळं.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला एक पाहुण्या बाई येणार होत्या. त्यांचं स्वतःचं कलादालन. आमच्यातल्या एकाच विद्यार्थ्याला निवडून त्या तिथे प्रदर्शन लावणार आणि पुढे परदेशी शिकायला शिफारस करणार, असं ठरलेलं. मला ते हवं होतं. हवं होतं हे लपवायचं काही कारण नाही. आईनं माझ्या सर्वांत मोठ्या चादरीला स्वतःच्या हातानं हलकी खळ दिली, म्हणजे भिंतीवर ती ताठ राहील. "मी येणार बघायला," म्हणाली. "पांढरी साडी काढून ठेवलीये, बिल्कुल कडक."

प्रदर्शनाच्या सकाळी मी आईला घेऊन पोहोचले, तेव्हा माझ्या चादरीखाली एक पांढरा चौथरा उभा होता. चौथऱ्यावर झाडू. वापरलेला, एका बाजूनं झिजलेला. त्यावर छतातून एक दिवा नेमका सोडलेला. जमिनीवर पिवळी पट्टी, म्हणजे कुणी जवळ जाऊ नये. शेजारी भिंतीवर इंग्रजीतला फलक: कलाकार पिढ्यानपिढ्या सफाई करणाऱ्या घरातली आहे, हा निळा तिच्या समाजाच्या वेदनेचा निळा आहे.

मी सरांना गाठलं.

"सर, ये मैंने नहीं रखा."

"मैंने रखा. अब काम बोल रहा है. पहले सिर्फ सुंदर था."

"सर, मेरे पापा लॉन्ड्री में हैं. वो चादरें..."

"एक ही बात है," सर म्हणाले. "सफाई ही तो है. इतना लिटरल मत बनो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, समजूत काढत, "मैं तुम्हारी मदद कर रहा हूँ, बेटा. मैडम को यही पसंद आता है."

एक ही बात है. धुणारे, झाडणारे, वाहणारे, सोलणारे, सगळे एकच. त्यांना आमच्यातला फरक दिसत नाही, कारण ते उभे राहतात तिथून आमची फक्त डोकी दिसतात.

नीट सांगते, म्हणजे कुणी चुकीचं वाचू नये. झाडूची मला लाज नाही. झाडू धरणारे हात माझ्या आजोळी आहेत. निळ्या झेंड्याचीही नाही. एप्रिलमधल्या जयंतीला आई तो आमच्या दारावर लावते, तेव्हा खालून काठी मीच धरते. तो निळाही माझाच आहे. पण तो निळा कधी काढायचा, हे सर ठरवणार? माझ्या चादरीतल्या न झोपलेल्या मुलांवर उभं राहून?

मी तोंड उघडणार इतक्यात पाहुण्या बाई आल्या. मोगऱ्याचं महाग अत्तर, पावलांभोवती खादीची सळसळ. सोबत दहा-बारा माणसं. चौथऱ्यापुढे त्या थांबल्या. छातीवर हात ठेवला. चादरीकडे त्यांची नजर गेली असेलही, मला दिसली नाही. त्या झाडूकडे पाहत होत्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"किसी ने मेरी झाड़ू देखी है?"

बिमला दीदी. आमचे मजले झाडणाऱ्या. बाहेर व्हरांड्यात कुणाचा तरी चहा सांडला होता, कप फुटला होता, आणि त्यांच्यावरचा मुकादम ओरडत होता. त्यांनी दारातून आत पाहिलं आणि दिव्याखालचा स्वतःचा झाडू ओळखला. पट्टीपाशी येऊन थांबल्या. सगळ्यांत मी एकटीच ओळखीची. हळूच मला विचारलं,

"दीदी, हाथ लगा सकते हैं?"

आपल्याच झाडूला हात लावायला त्या परवानगी मागत होत्या.

मी पट्टी ओलांडली. झाडू उचलला. मूठ तेलकट, गुळगुळीत, त्यांच्या तळव्याच्या आकाराची झालेली. तो त्यांच्या हातात दिला.

टाळ्या पडल्या.

आधी एक, मग सगळ्या. पाहुण्या बाई म्हणाल्या, "ब्रिलियंट." एक मुलगा मोबाइल वर धरून पुढे आला. "एक बार फिर से कर सकती हो? वीडियो नहीं बना."

बिमला दीदी झाडू छातीशी धरून उभ्या. "ताली क्यों बजा रहे हैं?" त्यांनी मला विचारलं. त्या दुपट्टा सारखा करून बाहेर गेल्या, आणि व्हरांड्यात काचा गोळा होण्याचा आवाज सुरू झाला.

"ये नाटक नहीं है," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "झाड़ू उनकी है. चादर मेरी है. बीच में आपका कुछ नहीं है."

"यही," पाहुण्या बाई सरांकडे वळून म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरं पाणी. "यही गुस्सा. इसी का तो इंतज़ार था."

तेव्हा कळलं. मी गप्प राहिले तर ती माझी वेदना. ओरडले तर तो माझा संताप. दोन्ही त्यांच्या भिंतीवर टांगायला योग्य. मी काहीही केलं तरी ते त्याला दिवा लावणार.

आई मागे उभी होती, कडक पांढऱ्या साडीत. तिनं माझी बाही ओढली.

"काय म्हणतायत गं ह्या?"

"निवडतील म्हणे मला."

"कशासाठी?"

"झाडूसाठी. आणि रागासाठी."

"आणि चादर? चादरीबद्दल बोललं का कोणी?"

"नाही."

आई पुढे झाली. दोन बोटांत चादरीची कड धरली, कापड बघायला धरतात तशी. निळ्यातली चुरगळलेली मूठ पाहिली. टाचांच्या रेषा पाहिल्या. "मुलाखतीचं पोरगं," ती पुटपुटली. त्या दालनात ते ओळखणारी ती एकटी.

पुढचं थोडक्यात सांगते. मी खिळे काढले. सर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "सोच लो. ये मौका दोबारा नहीं आएगा." चादर खाली आली. मी दोन टोकं धरली, आईनं दोन. झटकली. ताणली. एकमेकींकडे चालत आलो, टोकाला टोक लावलं, पुन्हा मागे गेलो. गच्चीवर हजारदा केलं तसंच, त्या शांत झालेल्या दालनाच्या मधोमध, घाई न करता. कुणी टाळी वाजवली नाही. कारण यात त्यांच्यासाठी काही नव्हतं.

निवड दुसऱ्याची झाली. सरांनी निकालात जे करायचं ते केलं, मी जेमतेम पास झाले. आता मी मयूर विहारमध्ये भाड्याच्या खोलीत राहते, बाल्कनीत निळीचा टब आहे, शेजारीण वासाबद्दल कटकट करते. काम चालू आहे. माझ्या चित्राशेजारी माझं चरित्र लागत नाही. विचारलं तर सांगते: सुती चादर, नीळ, लिंबू. कुणी म्हटलं, मागची कहाणी सांगा, तर मी चित्र परत घेते. आतापर्यंत अनेकदा घेतलं आहे. पुढेही घेईन. माझ्या घरचं दुःख मी मांडीन तेव्हा ते माझ्या हातानं, माझ्या उजेडात मांडीन. ते मागायला येणाऱ्याला मी रिकामी भिंत दाखवीन.

त्या दिवशी पहिल्या खिळ्याला हात घालण्याआधी मी एकदा वळून आईकडे पाहिलं होतं. मौका जाणार, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. खळ दिलेली कड तिच्या बोटांत होती. तिनं ती सोडली, माझ्याकडे सरळ बघितलं, आणि म्हणाली,

"उतरव."