भूषणच्या ओळीतली माझी चूक

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्या तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या जिन्यात समोर येणार नाही — एवढंच कारण. विश्वास वगैरे काही नाही. आणि आधीच सांगते, मऊ होऊन वाचू नका. ‘चुका काय, सगळ्यांकडून होतात’ म्हणणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. सगळ्यांकडून होतात त्या चुका वेगळ्या. मी केलं ते समजून-उमजून केलं.

तर — कुठून सुरू करू? कामापासून करते. कामाबद्दल बोलायची मला लाज वाटत नाही.

सुरतेला कतारगाममध्ये एक छोटी कंपनी आहे. हिरे कापायच्या लेसर मशीनचं सॉफ्टवेअर तिथं बनतं. मी तिथं टेस्टिंगला होते, थोडंफार कोडही लिहायची. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक हत्यार लागतं, डिबगर. प्रोग्राम बिघडला की हा डिबगर तो एकेक ओळ थांबत थांबत चालवून दाखवतो — आता या ओळीवर आहोत, हा आकडा एवढा झाला, चला पुढं. आम्ही त्याची नवी आवृत्ती घेत होतो, आणि ती खरं बोलते की नाही हे तपासायचं काम माझ्याकडं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून — याचा मला पगार मिळायचा.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचंच नाही, आणि तशी फुकट सुटायची माझी इच्छा नाही. समजा, शेवभाजीच्या कृतीत लिहिलंय — ‘काळा मसाला घाला’. मसाल्याची कृती दुसऱ्या पानावर आहे, दुसऱ्याच बाईनं लिहिलेली. मोठ्या प्रोग्राममध्ये छोटी फंक्शनं असतात ती अशीच. मग प्रोग्राम मशीनसाठी तयार होताना कंपायलर काय करतो, तर पानं उलटण्याचा वेळ वाचावा म्हणून ती मसाल्याची कृती उचलतो आणि भाजीच्या कृतीतच उतरवून टाकतो. याला इनलाइन करणं म्हणतात. चव तीच राहते. चांगला डिबगर तरीही सांगतो, की बाबा, आता आपण मसाल्यात आहोत, हे त्या दुसऱ्या बाईचं. वाईट डिबगर सांगत नाही. त्याच्या लेखी सगळं भाजीवालीचंच.

मी यासाठी मुद्दाम छोटे छोटे प्रोग्राम लिहायची. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, आणि एकेक ओळ चालवत बसायची. कंटाळवाणं काम. पण एका शुक्रवारी मला सापडलं. फंक्शन इनलाइन झालं, की नवी आवृत्ती त्याच्या आत शिरतच नव्हती. आत जायचं बटण दाबा, ती बोलावणाऱ्याच्याच ओळीवर उभी, आणि तिथून थेट पुढच्या ओळीवर. कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत त्या फंक्शनचं नावसुद्धा नाही. मला आनंद झाला. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं, तोवर कुणी श्रेय लाटायला नको, म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही.

हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं. फक्त मला.

आता भूषण. नाव काढलं तरी अजून तिडीक येते — त्याची की माझी, ते विचारू नका. डिप्लोमा करून नुकताच लागलेला, हसरा, मोठ्यानं बोलणारा. आणि बमरोलीचा.

बमरोलीची मीही. सुरतेतलीच वस्ती, खानदेशातून आलेल्या कामगारांची. वडील शिरपूरकडून आले, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, उभं राहून कान गमावून बसले. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. पण गुजराती मी अशी उचलली की कतारगामात कुणाला शंका आली नाही. आडनाव चौधरी, ते गुजरात्यांतही असतं. ‘मूळ कुठल्या?’ असं एकदा कुणी विचारलं, तर मी मेहसाणा म्हणाले. मेहसाणा मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण खोटं एकदा जिभेवर बसलं की घरच्यासारखं वावरतं. मग लग्न झालं, अडाजणला फ्लॅट झाला, आणि बमरोलीला मी दिवाळीला नाहीतर उन्हाळ्यात, तेही भर दुपारी, रस्त्यात कुणी नसताना जायला लागले.

हे सगळं भूषणनं एका जेवणाच्या सुट्टीत उघडं पाडलं. डबा उघडला — कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा — आणि माझ्याकडं बघून सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, “तू वनामावशीनी पोर शे ना? बमरोलीनी?”

वनामावशी म्हणजे माझी आई. किती प्रेमानं म्हणाला होता. म्हणूनच जास्त राग आला का? टेबलावरची सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी घास गिळला आणि थंडपणे, स्वच्छ गुजरातीत म्हणाले, “तमारी भूल थाय छे.” तुमची चूक होतेय.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग हसून भाकरी मोडली. “व्हई, मन्हं चुकनं,” म्हणाला. असेल, चुकलं माझं. एवढ्या सहज.

तो चुकला नव्हता आणि त्याला ते ठाऊक होतं. पुढं त्यानं एकदाही हा विषय काढला नाही, कुणी छेडलं तरी नाही. माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. ताई मात्र म्हणायचा. दिसला की नजरेत असं काहीतरी असायचं, की काळजी नको, मी झाकून ठेवलंय. त्या नजरेनं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. सांभाळून घेणाऱ्याचं काय करायचं? तो नसावा, एवढंच मला वाटायचं. रोज वाटायचं.

आणि मग तो हिरा फुटला.

गिऱ्हाईक शनिवारी सकाळी आलं, कागदाच्या पुडीत तुकडे घेऊन. मोठा कच्चा दगड, लेसरनं ठरलेल्या खोलीवर थांबायचं ते थांबलं नव्हतं, दगडाच्या पोटात गेलं होतं. तो माणूस ओरडत नव्हता. पुडी उघडून मेहुलभाईंसमोर ठेवून नुसता बसला होता. मेहुलभाई म्हणजे आमचे मालक. त्यांनी भूषणला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. खोलीचा हिशेब करणारा नवा भाग भूषणनं लिहिलेला होता. आणि मी? मी डिबगरवाली. शिवाय भूषणच्या त्या हिशेबात एक छोटंसं फंक्शन वापरलेलं होतं, आकडा हद्दीबाहेर जात असेल तर अडवणारं. ते माझं. तीन-चार ओळींचं. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्यात किरकोळ दुरुस्ती केली होती.

केबिनमध्ये तोच आकडा घालून प्रोग्राम चालवला. भूषण खुर्चीवर, मी मागं उभी. एकेक ओळ. सगळं नीट चाललेलं. मग त्याची ती ओळ आली — आकड्यातून आकडा वजा करायचा आणि उत्तर माझ्या फंक्शनकडं द्यायचं. ओळीआधी सगळं बरोबर. ओळीनंतर खोलीचा आकडा भलताच. भूषणनं पुन्हा चालवलं, आत जायचं बटण दाबलं. डिबगर आत गेला नाही. त्याच्याच ओळीवर उभा राहिला आणि पुढं सरकला.

मला त्या क्षणी कळलं. नंतर नाही, विचार केल्यावर नाही — त्या क्षणी. आदल्याच दिवशी माझ्या पडद्यावर मी हेच पाहिलं होतं. माझं फंक्शन त्याच्या ओळीत विरघळलेलं होतं, आणि डिबगरला माझं नाव दिसत नव्हतं. इनलाइन करणं बंद करून प्रोग्राम पुन्हा तयार करा, एवढं वाक्य पुरेसं होतं. चहा निवेपर्यंत खरं काय ते समोर आलं असतं.

भूषण मागं वळून म्हणाला, “ताई, ये अंदर क्यों नहीं जा रहा?”

चांगला प्रश्न होता. अगदी नेमका. मी खांदे उडवले.

मेहुलभाईंनी माझ्याकडं पाहिलं. “डिबगर बराबर छे ने?”

“बराबर छे,” मी म्हणाले.

झालं. हाच तो कबुलीजबाब. दोन शब्द आहेत. इतकं गोल गोल फिरून मी इथं आले, कारण या दोन शब्दांजवळ यायला मला अजून नको वाटतं. घाबरले होते का? हो, पण थोडीच. घाबरून बोलले असते तर आवाज कापला असता. तो कापला नाही. मला त्या क्षणी जे वाटलं ते सरळ सांगते — सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं.

भूषण बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसला. वजाबाकी बरोबर होती हो. डिप्लोमावाल्याला काय, शाळेतल्या पोराला दिसलं असतं. पण डिबगर म्हणत होता चूक इथं आहे, आणि ताई म्हणत होती डिबगर बरोबर आहे. त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर नाही, आमच्यावर विश्वास ठेवला. मान खाली घालून, आपोआप घरच्या बोलीत पुटपुटला, “मन्हीच चूक व्हई मंग.” केबिनमध्ये ते फक्त मला समजलं.

वर मी काय केलं ठाऊक आहे? मेहुलभाई चढत्या आवाजात बोलायला लागले तेव्हा मी मध्ये पडले. नवीन आहे, जाऊ द्या, म्हणाले. दयाळू बाई! जाऊ देणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून म्हणाले. त्याला त्याच दुपारी काढलं. तो डबा उचलून गेला. दार लागल्यावर मेहुलभाई हताशपणे माझ्याकडं, आपल्या माणसाकडं बघावं तसं बघून म्हणाले, “आ लोकोने मशीन चलावतां आवडे, बनावतां नहीं.” या लोकांना मशीन चालवता येतं, बनवता येत नाही.

माझ्या बापानं आयुष्यभर मशीन चालवलं. मी हसले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी इनलाइन बंद करून प्रोग्राम तयार केला आणि चालवला. डिबगर गुमान आत शिरला, माझ्या फंक्शनमध्ये, माझ्या ओळीवर. मोठ्या दगडांपुरत्या अटीत लहान-मोठ्याचं चिन्ह मी दुरुस्ती करताना उलटं टाकलं होतं. एरवी फरक पडत नव्हता; तसला मोठा दगड आला की अडवायच्या जागी सोडून देत होतं. मी चिन्ह फिरवलं. दोन-चार किरकोळ बदल सोबत जोडले आणि ‘साफसफाई’ असं लिहून टाकलं. सोमवारी मीटिंगमध्ये डिबगरमधला दोष सांगितला, आदल्या आठवड्याचा नव्हे, आत्ताच सापडल्यासारखा. मेहुलभाई खूश. शनिवारच्या केबिनशी त्याची सांगड कुणी घातली नाही. का घालतील? ज्याला घालावीशी वाटली असती, तो घरी होता.

मग भूषणनं दुसरीकडं प्रयत्न केला असेल, असं मी धरून चालले होते. हुशार होता, लागला असेल कुठंतरी. असं धरून चालणं फार सोयीचं असतं. त्यानं प्रयत्नच केला नाही, हे मला आईकडून कळलं, तेही विचारलं नसताना. कोड लिहिणं त्यानं सोडलं. आपल्या हातून होत नाही, म्हणाला, कुणाचं तरी मोठं नुकसान होईल. इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं लागला. मशीन चालवतो.

मेहुलभाईंचं वाक्य मी खरं करून दाखवलं.

कधीतरी सांगावं असं वाटलं नाही का? वाटलं. फोन हातात घेतला नाही का? घेतला. आणि प्रत्येक वेळी मला पुन्हा त्याचाच राग आला — गाढवा, भांडायचं होतंस ना! माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचं होतंस, ही बमरोलीची आहे आणि खोटारडी आहे. पुरावा तुझ्याकडं होता. टेबलावर सगळ्यांसमोर मी खोटं बोलले ते तुला माहीत होतं. मग केबिनमध्ये मी खरं बोलेन, असं तुला का वाटलं? हा राग अजून जात नाही. तो माझ्यावर वळवून बघितला, पण तिथं फार वेळ टिकत नाही.

या उन्हाळ्यात आईकडं गेले होते. दुपारच्या वेळी, नेहमीसारखी. आई गॅसवर बिबडे भाजत होती. ज्वारीचे, तीळ घातलेले. आमच्याकडं पापडांपेक्षा बिबड्यांचा मान मोठा. मी विचारलं, या वयात एवढे कशाला घातलेस? ती म्हणाली, “मी नही घालात. भूषणनी माय दरसाल धाडस. तो सांगस, ताईले दिज्यात. साहेब वरडे तवय तिनी मन्ही बाजू लिधी व्हती.”

दरवर्षी. भूषणची आई पाठवायची, साहेब ओरडले तेव्हा मी त्याची बाजू घेतली होती म्हणून. म्हणजे आजवर मी आईकडचे म्हणून घरी नेत होते, अडाजणच्या डब्यात भरून ठेवत होते, ते सगळे.

आईनं भाजलेला बिबडा माझ्या ताटलीत ठेवला. मी तो मोडला आणि खाल्ला. खरपूस झाला होता, तीळही चांगले लागत होते. मी आणखी एक मागितला.